पोथी वाचणारा आणि कान चिरलेला : दोघंही नाथपंथीच?

द्वारका_नाका (धागाकर्ता)
श्रावण तोंडावर आलाय. नाशकात आता गल्लोगल्ली नवनाथांच्या पोथीची पारायणं लागतील. गाडीच्या मागच्या काचेवर 'अलख निरंजन', फोन उचलला की 'आदेश', आणि विचारलं की उत्तर तयार : 'आम्ही नाथपंथी.'

माझं मत सरळ सांगतो. नाथपंथ हा मुळात घर सोडलेल्या योग्यांचा पंथ. गुरू केला, शेंडी कापली, कान चिरले, त्यांत मुद्रा म्हणजे कुंडलं घातली तो नाथपंथी. बाकी सगळे नवनाथांचे भक्त. भक्त असण्यात कमीपणा काहीच नाही, पण शब्द जपून वापरावा. २०२७ च्या सिंहस्थाला नाथांच्या बारा पंथांचे योगी त्र्यंबकला उतरतील, तेव्हा त्यांच्यापुढे 'आम्ही पण तुमच्यातलेच' म्हणून उभं राहायचं का?

जाणकारांनी दीक्षेबद्दल, वेषाबद्दल नेमकं लिहावं. 'आमच्या काकांना असा अनुभव आला' याला वेगळा धागा आहे, तिकडे लिहा.

तर्री_वेगळी
जागा पकडून बसलोय. पाव आणा कोणीतरी.

कुशावर्तकर
मत पटलं नाही, त्यावर नंतर बोलू. आधी दीक्षेचा क्रम, कारण 'कान टोचले की झाला नाथ' असा समज फार आहे.

नवा आला म्हणून लगेच कोणी सुरी काढत नाही. आधी काही महिने नुसती सेवा : धुनीची लाकडं, पाणी, शेण, भांडी. टिकला तर शेंडी कापतात. नाव बदलतं, मागे 'नाथ' लागतं. गळ्यात काळ्या लोकरीचं जानवं येतं, त्याला सेली म्हणतात. आपल्या पोथीत ती शैली. तिच्यात तीन वस्तू ओवलेल्या : पवित्री म्हणजे एक कडी, एक रुद्राक्ष आणि नादी. नादी ही जेमतेम दोन इंची शिट्टी, हीच आपली शिंगी किंवा शृंगी. या टप्प्यावरच्या योग्याला औघड म्हणतात. काही जण जन्मभर औघडच राहतात, त्यांना कोणी पंथाबाहेर काढत नाही. मान मात्र कमी.

कान चिरले की तो दर्शनी. 'कानफाटा' हे लोकांनी ठेवलेलं नाव आहे. तोंडावर म्हणू नका.

गुरू एक नसतो, पाच असतात : चोटीगुरू, चिरागुरू, उपदेशगुरू, भस्मीगुरू, लंगोटगुरू. शेंडी ज्याने कापली त्यानेच कान चिरावेत असं नाही. चिरा देणं हे हाताचं कसब आहे, ते प्रत्येकाला कुठून येणार.

मिसळ_आणि_मी
औघड म्हणजे अघोरी ना? उज्जैनचे फोटो बघून तसंच वाटलेलं.

कुशावर्तकर
@मिसळ_आणि_मी, घोटाळा शब्दाचा आहे. काशीकडे कीनारामी अघोरपंथात साधूला 'औघड' म्हणतात. नाथांमध्ये औघड म्हणजे कान न चिरलेला दीक्षित, एवढंच. स्मशान, कवटी वगैरे त्यात काही नाही.

दुसरा नेहमीचा घोटाळा आखाड्यांचा. आखाडे तेरा. त्यांपैकी दहा त्र्यंबकला, कुशावर्तावर स्नान करतात, आणि वैष्णवांचे तीन (दिगंबर, निर्वाणी, निर्मोही) नाशकात रामकुंडावर. नाथयोगी या तेरांत कुठेच नाहीत. त्यांची संघटना वेगळी, 'भेष बारह पंथ'. त्यामुळे भस्म फासलेला दिसला की नाथ, असं नाही. नागा संन्यासी दशनामी असतो, म्हणजे शंकराचार्यांच्या परंपरेतला. कानाकडे बघा, गळ्यातल्या नादीकडे बघा, मग बोला.

नस्तर
कानाचा विषय निघालाय तर शरीराच्या बाजूने लिहितो.

आपल्याकडे बाळाचे कान टोचतात ती पाळी. तिथे चरबी आणि कातडी, काही आठवड्यांत बरी होते. दर्शनी योग्याचा चिरा पाळीला नसतो, कानाच्या मधल्या खोलगट भागात, कूर्चेतून आरपार असतो. पात्याने चीर देतात, भोक पाडत नाहीत. चीर मिटू नये म्हणून तिच्यात कडुलिंबाची काडी बसवतात, वरून लिंबाचं तेल. काडी फिरवत राहायची आणि जखम धुवायची. पारंपरिक मुदत चाळीस दिवसांची सांगतात. जखम भरली की मग मुद्रा.

गडबड कुठे होते? कूर्चेला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. तिच्यावरच्या पातळ पडद्यातून तिला पोषण मिळतं. तिथे पू झाला की पडदा कूर्चेपासून सुटतो, कूर्चा मरते आणि कान सुकलेल्या कोबीच्या पानासारखा आकसतो. दुसरा धोका वाढलेल्या व्रणाचा. काहींच्या कातडीची ठेवणच अशी की चिरेच्या कडेला गाठ धरते. तिसरा, जड मुद्रेने चीर खाली उतरत जाते आणि एक दिवस कान फाटतो. हौस म्हणून घरी करायची ही गोष्ट नाही, एवढ्यासाठी लिहिलं.

कुशावर्तकर
@नस्तर, तिसऱ्या मुद्द्याला पुरवणी. कान फाटणं हा नुसता इजेचा प्रश्न नव्हता. जुन्या नियमाप्रमाणे कान फाटलेला योगी पंगतीतून उठायचा, पंथाबाहेर जायचा. म्हणून मुद्रा सांभाळण्यावर एवढा भर.

मुद्रा मातीची, लाकडाची, काचेची, स्फटिकाची. पूर्वी गेंड्याच्या शिंगाची सर्वांत मानाची धरत, नादी काळविटाच्या शिंगाची. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर दोन्ही बाद. कोणी 'खरी काळविटाची शिंगी' विकायला काढली तर तो एकतर फसवतोय किंवा तुम्हाला तुरुंगाची वाट दाखवतोय.

ओवी_वाचक
धागाकर्त्यांच्या व्याख्येने सर्वांत आधी कोण बाहेर पडतं माहीत आहे? निवृत्तीनाथ.

ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायाच्या शेवटी ज्ञानदेव स्वतः परंपरा सांगतात : आदिनाथ, मच्छिंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती, मग ते स्वतः. ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेत वाघ आडवा आला, पांगापांग झाली, निवृत्ती गुहेत शिरले आणि गहिनीनाथ भेटले, ही कथा आपल्याकडे शेंबड्या पोरालाही पाठ. ती कथा उपदेशाची आहे, चिऱ्याची नाही. गहिनींनी त्यांना कृष्णभक्ती दिली आणि तिथून वारकऱ्यांचा ओघ सुरू झाला. त्र्यंबकला त्यांची समाधी शके १२१९ ची, पौष वद्य एकादशीला यात्रा, ज्येष्ठात तिथूनच पालखी पंढरीला. कान चिरले नाहीत म्हणून नावातला 'नाथ' काढून घेणार का?

आणि सहावा अध्याय बघा. कुंडलिनीचं एवढं सविस्तर वर्णन मूळ गीतेत कुठे आहे? ज्ञानदेव तिथेच सांगून टाकतात की हा 'नाथसंकेतींचा दंशु' आहे. पंथाची खूण त्यांनी ओवीत ठेवली, कानात नाही.

गोदाकाठची
+१. टाळ्या.

द्वारका_नाका
@ओवी_वाचक ताई, निवृत्तीनाथांना गुरू समोर मिळाला. आज पोथीवाल्याला कोण मिळालंय? मी भोक मोजत नाहीये, दीक्षा मोजतोय.

ओवी_वाचक
मग पहिल्या पोस्टमधलं 'कान चिरले' खोडा. दीक्षेवर आपलं भांडण नाही.

ब्रह्मगिरी_पायथा
एक गंमत सांगतो, त्यातून धागाकर्त्यांना बळ मिळेल. पोथीवाल्याचे नऊ नाथ आणि योग्याचे नऊ नाथ वेगळे आहेत!

आपली 'नवनाथ भक्तिसार' : कर्ता धुंडिसुत मालू नरहरी, शके १७४१ म्हणजे १८१९, अध्याय ४०, ओव्या ७६००. त्यात नवनारायणांचे अवतार (आधी नारायणाचं नाव, मग त्याच्या अवताराचं) : कवी मच्छिंद्र, हरी गोरक्ष, अंतरिक्ष जालिंदर, प्रबुद्ध कानिफा, पिप्पलायन चरपटी, आविर्होत्र वटसिद्ध नागनाथ, द्रुमिल भर्तरी, चमस रेवण, करभाजन गहिनी.

बारा पंथांचे योगी म्हणतात ते नऊ : आदिनाथ (शिव), उदयनाथ (पार्वती), सत्यनाथ (ब्रह्मा), संतोषनाथ (विष्णू), अचल अचंभेनाथ (शेष), गजबेली गजकंथडनाथ (गणपती), चौरंगीनाथ (चंद्र), मत्स्येंद्रनाथ, गोरक्षनाथ.

दोन्ही याद्यांत सामाईक नावं दोनच, मच्छिंद्र आणि गोरक्ष. मढीचे कानिफनाथ, विट्याकडचे रेवणनाथ, वडवळचे नागनाथ ही आपली महाराष्ट्राची माणसं. उत्तरेच्या योग्याला तुम्ही भक्तिभावाने 'रेवणनाथ' सांगितलंत तर तो हसून 'आदेश' म्हणेल आणि चिमटा हलवेल.

तर्री_वेगळी
'आदेश' म्हटलं की आपल्याला तहसील कचेरी आठवते. 'आदेश निघाला का हो?' 'साहेब दौऱ्यावर आहेत.'

ब्रह्मगिरी_पायथा
@तर्री_वेगळी 😄 तो आदेश येत नाही, हा देताच येत नाही. 'सिद्धसिद्धांतपद्धती' या नाथांच्या ग्रंथात व्याख्या आहे : आत्मा, परमात्मा, जीवात्मा या तिघांचं ऐक्य म्हणजे आदेश. म्हणून दोघं योगी एकमेकांना तोच शब्द म्हणतात, लहानमोठा नाही. आपण 'रामराम' म्हणतो तसं धरा.

त्याच ग्रंथात चक्रं नऊ आहेत, शिवाय सोळा आधार. योगवर्गाच्या भिंतीवर सात चक्रांचं रंगीत चित्र लावून खाली 'नाथयोग' लिहिलेलं दिसलं की मला कुंचला घेऊन दोन वाढवावीशी वाटतात.

डौर
सगळे दोनच खाने धरून बसलेत, पोथीवाला आणि साधू. तिसरा कुठे गेला?

नाशिक-नगर पट्ट्यात भराडी आहेत, राज्यभर नाथपंथी डवरी गोसावी आहेत. बायकापोरं असलेली घरं. डौर वाजवून नाथांची, भैरवनाथाची गाणी म्हणणं हा पिढीजात धंदा. सरकारी यादीत भटक्या जमाती. यांच्यात माणूस गेला की जाळत नाहीत, बसवून पुरतात, योग्यासारखं. पोथी वाचून हे नाथपंथी झाले नाहीत, शेंडी कापूनही नाहीत. जन्माने आहेत. धागाकर्त्यांच्या व्याख्येत हे भक्त, पोथीवाल्यांच्या नजरेत मागतकरी. 'अलख' ही हाक नाशकाच्या दारोदारी पोचवली कोणी? यांनीच. गाडीच्या काचेवरच्या स्टिकरने नव्हे.

द्वारका_नाका
@डौर, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. मान्य.

गोदाकाठची
सगळे कानात अडकलेत, कुबडीबद्दल कोणीच लिहीत नाही. पोथीत 'कुबडी, फावडी' सारखं येतं. म्हातारपणाची काठी का?

नस्तर
@गोदाकाठची, नाही. हातभर उंचीची, वर आडवी पट्टी असलेली लाकडी टेकणी. बसल्यावर काखेत धरतात. एका काखेत दाब दिला की थोड्या वेळाने विरुद्ध बाजूची नाकपुडी मोकळी होते. स्वर बदलायचा तो असा : उजवी, म्हणजे पिंगळा, चालू करायची तर कुबडी डाव्या काखेत. दाबाने त्या बाजूच्या नाकातल्या रक्तवाहिन्या फुगतात आणि दुसऱ्या बाजूच्या आकसतात, त्यामुळे हे घडतं. कुशीवर झोपल्यावर वरची नाकपुडी मोकळी होते, तोच प्रकार. फार वेळ आणि फार जोरात रेटलं तर काखेतली नस दबून हात बधिर होतो, मनगट लुळं पडू शकतं. दवाखान्यातल्या कुबड्यांवर चुकीचं लोंबकळणाऱ्यांना होतं तेच.

कुशावर्तकर
आता भस्म, कारण सिंहस्थात लोक पुड्या बांधून घरी नेतात.

धुनीतली राख उचलली की झालं भस्म, असं नाही. धुनीत लाकूड जळतं. लाकडाच्या राखेत खार जास्त. ओल्या किंवा घामेजलेल्या अंगाला ती चोळली तर कातडी चुरचुरते, काखेत आणि मांडीत तर सोलून निघते. अंगाला लावायचं भस्म गाईच्या शेणाच्या गोवऱ्यांचं. पूर्ण पांढरी होईपर्यंत जाळायची. काळा कण राहिला म्हणजे कच्ची. मग वस्त्रगाळ. ती पाण्यात कालवून गोळे वळतात, वाळवतात, पुन्हा गोवऱ्यांत भाजतात आणि पुन्हा गाळतात. जितक्या वेळा भाजाल तितकं मऊ आणि पांढरं. पहिल्याच गाळणीचं बोटाला खरखरतं, त्यावरून कळतं.

धुनीचे नियम थोडे पण कडक : चप्पल लांब काढायची, पाय तिच्याकडे करायचे नाहीत, तोंडाने फुंकायचं नाही, निखारा हलवायचा तो चिमट्यानेच. आणि चिमटा योग्याचा. आपण उचलायचा नाही. उदबत्तीची काडी, कागद, प्लॅस्टिक त्यात टाकणारे भाविक ही खरी डोकेदुखी.

पारायण_प्रेमी
पोथीवाल्यांना एवढं हिणवू नका. नियमाने वाचणं सोपं नाही. नऊ दिवसांचा हिशोब मांडते : ४० अध्याय, म्हणजे पाच दिवस चार-चार आणि चार दिवस पाच-पाच. अध्यायाला सरासरी १९० ओव्या. मिनिटाला आठ ओव्या धरल्या तरी पाच अध्यायांच्या दिवशी दोन तास. बहुतेकांचं पारायण फसतं ते तिसऱ्या दिवशी, कारण पहिल्या दिवशी उत्साहात सात अध्याय रेटलेले असतात आणि घसा बसतो. एकाच वेळेला, एकाच आसनावर, ठरल्या अध्यायावर थांबायचं. ओवी मनात नाही, ओठांवर यायला हवी.

धर्मनाथ बीज, माघ शुद्ध द्वितीया, त्या दिवशी आंबील, घुगऱ्या आणि उडदाचे वडे. वड्याच्या डाळीत पाणी सैल पडलं की तेल पितात. चार तास भिजवायची आणि वाटताना पाणी शिंपडायचं, ओतायचं नाही.

तर्री_वेगळी
अखेर या धाग्यावर माझ्या कामाची माहिती आली.

द्वारका_नाका
@पारायण_प्रेमी ताई, हिणवत नाही हो. पण शेवटी दिलेली 'अमका अध्याय वाचला की तमकं फळ' ही यादी बघून लोक फक्त तेवढाच अध्याय वाचतात. लग्नासाठी एक, नोकरीसाठी दुसरा. ते औषधाच्या दुकानासारखं वाटतं.

पारायण_प्रेमी
ते मलाही पटत नाही. पण फळ मालूंनी स्वतःच सांगितलंय, आम्ही घातलेलं नाही.

ब्रह्मगिरी_पायथा
अवांतर आहे, पण नाशिककरांना हे माहीत असायलाच हवं. आपल्या सिंहस्थात नाथयोग्यांचं खरं मोठं काम स्नान नसतं, ते असतं झुंडीचं, म्हणजे योग्यांच्या पायी जथ्याचं.

दर बारा वर्षांनी त्र्यंबकला बारा पंथ जमतात आणि मंगळूरच्या कदरी मठाचा नवा राजा निवडतात. राजा म्हणजे मठाधिपती, पण शब्द राजाच, आणि मुदत बारा वर्षांची. मग नागपंचमीला योग्यांची झुंडी पायी निघते. पात्रदेवता (देव म्हणून पुजलं जाणारं पात्र) बरोबर घेऊन, ठरलेल्या मुक्कामांवरून, महाशिवरात्रीच्या सुमाराला कदरीला पोचते. तिथे जुना राजा उतरतो, नवा बसतो. २०१५ च्या सिंहस्थातून निघालेली झुंडी २०१६ च्या मार्चमध्ये पोचली. आपण कुशावर्तावरच्या गर्दीचे फोटो काढत बसतो आणि सहा महिने चालणारी ही मंडळी शांतपणे घाट उतरून जातात.

कदरीच्या देवळात लोकेश्वराची पंचधातूची मूर्ती आहे, पीठावर आळुप राजा कुंदवर्म्याचा लेख, सन ९६८. लोकेश्वर हे बौद्धांचं दैवत, आणि नेपाळात मच्छिंद्रनाथांची पूजा लोकेश्वर म्हणूनच होते. तो धागा ओढला तर हा धागा पुरायचा नाही.

मिसळ_आणि_मी
बारा पंथ म्हणजे बारा मठ का?

कुशावर्तकर
नाही, बारा शाखा. प्रत्येकीचे मठ अनेक. सांगायची पद्धत अशी की शिवाचे अठरा पंथ होते आणि गोरक्षनाथांचे बारा. आपसात भांडले, दोन्हींकडचे सहा-सहा उरले. सत्यनाथी, धर्मनाथी, रामनाथी, नटेश्वरी, कपिलानी, वैराग, आईपंथ ही त्यांतली काही नावं. यादी मठागणिक थोडी हलते, बारा हा आकडा मात्र कोणी हलवत नाही. आईपंथाचं मूळ विमलादेवीकडे सांगतात. बाईपासून निघालेली शाखा आणि तिला बारांत मान. हे मुद्दाम, पारायणात बायकांनी काय वाचावं याचे नियम सांगणाऱ्यांसाठी.

पारायण_प्रेमी
👏 हे छापून दारावर लावते.

डौर
मूळ प्रश्नाकडे येऊ का? योग्यापुढे 'आम्ही पण तुमच्यातलेच' म्हणायचं का, असं विचारलं होतं. योगी उलट काय विचारतो ते माहीत आहे का? पंथ कोणता, गुरू कोण, स्थान कोणतं. या तिन्हींची उत्तरं येत असतील तर म्हणा.

ओवी_वाचक
@डौर, बरोबर. पण वारकऱ्याला तिन्ही उत्तरं येतात हो : गुरू गहिनी-निवृत्ती, स्थान त्र्यंबक. फक्त पंथ विचारला की तो बारांपैकी नाव सांगणार नाही, 'माळकरी' म्हणेल.

द्वारका_नाका
ठीक. पहिल्या पोस्टमधलं 'कान चिरले' काढतो, औघडांचा मुद्दा कुशावर्तकरांनी दुसऱ्याच प्रतिसादात दाखवलाच होता. जन्माने असलेल्यांनाही घेतो. गाडीच्या काचेवरचं स्टिकर मात्र अजून बाहेरच आहे, त्यावर मी हटत नाही.

एक शेवटचं विचारतो. झुंडी नागपंचमीला निघते, तर सकाळी त्र्यंबकला नेमकं कुठे उभं राहायचं? गंगाद्वाराजवळच्या गोरक्ष गुंफेपाशी की खाली गावात?

ब्रह्मगिरी_पायथा
खाली गावात. गुंफेला साडेसातशे पायऱ्या चढून जाल आणि वरून नुसत्या छत्र्या दिसतील. श्रावणातला त्र्यंबकचा पाऊस आहे, प्लॅस्टिकची पिशवी फोनला ठेवा. आणि वाटेत उभे राहू नका. झुंडी थांबत नाही.